बेल्टचा भाग खरा

मी कॉलेजात लोककथा शिकवतो. म्हणजे मी बोलतो आणि मुलं बाकाखाली फोन धरून आपापल्या कथा बघतात. बोधकथा आणि दंतकथा यांतला फरक मी दरवर्षी त्याच विनोदानिशी सांगतो. बोधकथेतल्या कोल्ह्याला पत्ता नसतो, बायको नसते, त्याच्या मागे घरी कोण उरलं हे कुणी विचारत नाही. शेवटी तात्पर्य मिळतं आणि आपण मोकळे. दंतकथेतला माणूस मात्र खरोखर होऊन गेलेला असतो. जागा दाखवता येते, साल सांगता येतं, आणि सांगणारा छातीठोकपणे म्हणतो, "माझ्या मेव्हण्याने डोळ्यांनी पाहिलंय." त्या मेव्हण्याला भेटायला जाऊ नये. तो त्याच्या मेव्हण्याकडे बोट दाखवतो.

या विनोदाला माझा धाकटा भाऊ तेवढा हसायचा. तो लिफ्ट मेकॅनिक होता. गेल्या हिवाळ्यात एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत, लिफ्टच्या शाफ्टमध्ये वरून खाली पडून तो गेला.

आठवडाभरात त्याच्या वर्कशॉपची माणसं घरी आली. फोरमनने खुर्चीच्या कडेवर बसून सगळं सांगितलं. नव्या फिटरचा पाय फळीवरून निसटला. भावाने एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हाताने स्वतःचा सेफ्टी बेल्ट सोडून त्याच्या कमरेला अडकवला, आणि तेवढ्यात फळी मोडली. फोरमन रडला. आम्ही रडलो. चहा तसाच राहिला.

रडता रडता माझ्यातला मेला मास्तर जागाच होता. ही गोष्ट मी आधी ऐकली होती, खुद्द भावाच्या तोंडून, जेवताना. तेव्हा तीत मरणारा माणूस त्यांचा जुना उस्ताद होता. त्या वर्कशॉपची रीतच आहे: नव्या माणसाच्या हातात पाना देण्याआधी ही गोष्ट सांगायची, म्हणजे तो बेल्ट बांधायला विसरत नाही. दुसरं कुणी गेलं की आधीच्याला गोष्टीतून रजा मिळते. जिन्यात मी फोरमनला गाठून विचारलं, तो वाचलेला फिटर कुठे असतो?

"त्याची बदली झाली, सर."

दंतकथेत वाचलेल्याची नेहमी बदलीच झालेली असते.

मग परवा भावजयीचा फोन आला. "भावोजी, जरा येता? तुमच्या विषयाने घरात घोळ घातलाय."

घोळ असा, की पुतणीला शाळेत एक बोधकथा आणि एक दंतकथा सांगायची होती. बोधकथेला तिने एक आळशी मुंगी घेतली होती, आणि दंतकथेला बाप.

या पुतणीला बाप 'हवालदार' म्हणायचा. रोज सकाळी दारात आडवी उभी राहून ती त्याची झडती घेई. डबा? घेतला. चावी? घेतली. बेल्ट? घेतला, हवालदारसाहेब. मग एक सलाम आणि सुटका.

भावजय ओट्याशी भांडी विसळत होती. आधीच विसळलेली.

"मी आज तिला खरं सांगणार," ती हळू आवाजात म्हणाली. "तो घसरला. संपलं."

"राहू दे की. गोष्ट चांगली आहे."

"कुणाला चांगली? तुम्हाला शिकवायला?" तिने पातेलं आपटलं. "या गोष्टीत तो आम्हाला सोडून जातो, भावोजी. कुणा परक्यासाठी, समजून-उमजून, स्वतःच्या हाताने बेल्ट सोडून. मला घसरलेला नवरा चालेल. घसरलेल्याला घरी यायचं तरी असतं."



तिने पिठाच्या डब्यामागून एक कापडी पिशवी काढली. आत भावाचा बेल्ट होता, घामाने जागोजागी काळा पडलेला.

"त्या दिवशी दारामागच्या खिळ्यावरच राहिला होता. बातमी आली तशी मी सगळ्यात आधी हा लपवला. का, ते मलाही माहीत नाही. आज दाखवते तिला."

तेवढ्यात हवालदार पेन घेऊन आली. भावजयीने पिशवी खाली ठेवून पायामागे सरकवली.

"काका, बाई म्हणाल्या, दंतकथेत थोडं खरं असतं आणि थोडं लोक वाढवतात. बाबांच्या गोष्टीत खरं कुठलं?"

मी खोकलो. इतक्या वर्षांची नोकरी. "त्याचं असं आहे बघ…"

"मी सांगते," भावजय म्हणाली. तिने हात पुसले. "ये, बस इथे."

पुतणी बसली नाही. "बाकीचं खोटं असलं तरी चालेल. तो फिटर नसला तरी चालेल. फक्त बेल्टचा भाग खरा पाहिजे."

"का गं?"

"त्या दिवशी मी उठलेच नाही. कंटाळा आला होता. बाबांनी दारातून हाक मारली, 'हवालदार, झडती!' मी पांघरूण ओढून घेतलं." पेनचं टोपण ती काढत होती, घालत होती. "मी बेल्टचं विचारलंच नाही."

भावजयीने टाचेने पिशवी ओट्याखाली आत, अजून आत ढकलली.

"बेल्टचा भाग खरा आहे," ती म्हणाली. "मीच बांधून दिला. बक्कल अडकत होतं. तर मला म्हणतो कसा, हवालदारांची झोप मोडू नकोस, आज झडती तू घे."

"आणि मग बाबांनी तो सोडून दिला?"

"सोडला. त्या माणसाला दिला."

"मुद्दाम?"

भावजयीने ओट्याची कड धरली. "मुद्दाम."

पुतणीने मान डोलावली, टोपण पेनला बसवलं आणि ती गेली. आतून तिचा मुंगीला दटावण्याचा आवाज यायला लागला.

दंतकथा कशी वाढते ते मी दरवर्षी फळ्यावर बाण काढून दाखवतो. ते बक्कल कुठल्या बाणावर लिहावं, मला कळेना.

निघताना भावजयीने पिशवी माझ्या हातात दिली. वर चार कांदे टाकले होते. "घेऊन जा. परत आणू नका." मी चपला घालत होतो. ती दारातच उभी होती, पोरगी उभी राहायची तिथेच.

"भावोजी, घसरलाच ना तो?"

"हो. घसरलाच."

"अजून एकदा म्हणा."

मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुतणीचा फोन आला. मुंगीला कुणी हसलं नव्हतं. बाबांची गोष्ट मात्र सगळा वर्ग गप्प बसून ऐकत होता. नंतर एका मुलीने विचारलं, तो वाचलेला माणूस आता कुठे असतो?

"मग? तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, त्याची बदली झाली."

फोरमन हे जिन्यात बोलला होता, माझ्या एकट्यापाशी. मी ते कुणाला सांगितलं नव्हतं.

"बरोबर ना, काका?"

"बरोबर."

"आणि बेल्ट? तोपण त्याच्याबरोबरच गेला असेल ना?"

बेल्ट माझ्यासमोर टेबलावर पडला होता. बकलात कांद्याचं साल अडकलं होतं.

"हो," मी म्हणालो. "त्याच्याबरोबरच गेला."