जोडीनं खाली, जोडीनं वर

शार्क बघायचं वेड ताईचं. त्यासाठी ती या वयात पोहायला शिकली, वर्षभर सुट्ट्या साठवल्या. धाकटी बहीण छोटी मात्र आयत्या वेळी आली, तीही ताईचाच टॉवेल घेऊन. आयत्या बिळावर नागोबा! आणि कौतुक कुणाचं? "या तर जन्मजात मासोळी आहेत," असं गाइड छोटीकडे बघून म्हणाला, तेव्हा ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आजची बुडी सहलीतली शेवटची. अजून एकही शार्क दिसला नव्हता.

पाण्याखाली तर कहर झाला. कासव आधी दिसलं छोटीला. वाळूत दडलेल्या पाकट माशाच्या डोक्यावरून ताई सरळ पुढे निघून गेली, तोही छोटीलाच दिसला. गाइडनं पाण्यात टाळ्या वाजवल्या. ताई इतकी जळफळली की तिला धाप लागली आणि पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा भराभर संपायला लागली. आता शार्कही पहिल्यांदा हिलाच दिसणार, आणि घरी जन्मभर तेच ऐकायचं!

तेवढ्यात गाइडनं उभा तळवा कपाळावर धरला. शार्क! खालच्या कड्याआड होता, जरा खोल उतरायचं होतं. छोटी ताईकडे वळून बघत थांबली. म्हणजे आता मिरवत पुढे जाणार बाईसाहेब. ताईनं कानाला बोट लावलं आणि हात हलवला: दुखतंय.

नियम साधा होता. जोडीतली एक वर गेली की दुसरीनंही जायचं. गाइडनं दोघींना बोटीच्या नांगराच्या दोरापाशी सोडलं आणि बाकीच्यांना घेऊन तो खाली गेला. दोर धरून वर येताना ताईला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. मला नाही, तर हिलाही नाही.

बोटीवर छोटीनं मास्क काढला आणि ताईच्या गळ्यातच पडली.

"बरं झालं गं बाई! शार्क म्हटल्यावर माझे हातपायच गळाले. म्हटलं, देवा, काहीही कर, पण वर ने."

"मग आलीस कशाला?"

"तुला जोडीला कुणी नव्हतं ना."

थोड्या वेळानं बाकीची मंडळी वर आली, सगळी एकदम बोलत. शार्क इतका जवळून गेला म्हणे, की त्याचा डोळासुद्धा दिसला.

छोटी कोमट पाण्यात फडकं पिळून घेऊन आली.

"कुठला कान गं, ताई?"

खाली कुठल्या कानाला बोट लावलं होतं, ते ताईला काही केल्या आठवेना.