एडविनचं लाल बटन

या, शेगडीच्या जवळ सरकून बसा. बूट दाराशीच राहू देत. रविवारी प्रार्थनाघरात आमचा म्हातारा उपदेशक अर्धं बोलून आणि अर्धं गाऊन सांगतो, ते ऐकतच मी म्हातारा झालो. तेवढा गळा देवानं मला दिला नाही. पण एका ट्रकच्या दिव्यांची गोष्ट माझ्याकडं आहे, ती साध्या आवाजात सांगतो.

डिसेंबरचा पहिला आठवडा, आमच्या थेट उत्तरेच्या मुलखातला. थंडी शून्याखाली सव्वीस. सूर्य जेवणाच्या आधी डोंगराच्या कडेवरून डोकावला आणि गेला. हिल्डिंगच्या रिकाम्या गोठ्यात त्याचा ट्रक उभा होता आणि ट्रकच्या नाकाखाली आम्ही दोघं. हिल्डिंग अडुसष्टचा. वरच्या अंगाला जंगलात जी एकटी-दुकटी घरं आहेत, त्यांना हिवाळाभर जळण पोचवतो तो हाच. त्याला तपासणीवाल्यांचा कागद आला होता. जादा दिव्यांची जोडणी नियमाला धरून नाही, शुक्रवारपर्यंत दुरुस्त करा, नाहीतर ट्रक रस्त्यावर आणायला बंदी. आणि आज गुरुवार.

"म्हैनाभर कागद खिशात घालून हिंडलास," मी म्हटलं, "आन् बोलावलंस आज."

"लाकडं कोण फोडणार हुतं? तू?"

"मी दूध काढायची यंत्रं दुरुस्त करून म्हातारा झालो. लाकडं तुजी तू फोड."

"मग यंत्रच समज ह्याला. पीळ तार."

खरी गोष्ट वेगळी होती. ती जोडणी त्याच्या थोरल्या भावाची, एडविनची. दोघांनी लग्नं केली नाहीत. एक घर, एक ट्रक. हिल्डिंगनं चाक धरायचं, तारांचं सगळं एडविननं बघायचं. सप्टेंबरात एडविनला माती दिली, आणि तेव्हापासून ट्रकचं बॉनेट कुणी उघडलं नव्हतं.

पुढं दोन मोठे दिवे, आणि केबिनच्या उजव्या अंगाला एक. तो जंगलात लाकूड भरताना लागायचा. एडविननं तिन्हींची तार सरळ बॅटरीतून घेतली होती आणि एकाच बटनावर आणली होती. गुरं विकली तेव्हा दूध काढायच्या यंत्राचं लाल बटन त्यानं काढून ठेवलं होतं, तेच. मुठीएवढं. जाड हातमोज्यानंही दाबलं जायचं. आता गंमत अशी की समोरून गाडी आली, हिल्डिंगनं डिपर मारून उजेड खाली केला, तरी हे तिन्ही तसेच जळत राहायचे. समोरच्याच्या डोळ्यांपुढं नुसता पांढरा अंधार.

नियम सोपा होता. पुढचे दोन दिवे अप्परबरोबर, म्हणजे लांबच्या उजेडाबरोबर, लागावेत आणि डिपर मारला की विझावेत. बाजूच्या दिव्याला वेगळं बटन, तो जळतोय हे सांगणारा बारका दिवा चालवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर, आणि रस्त्यावर असताना तो पेटवायचाच नाही.

मी रिले बसवला, म्हणजे एका तारेच्या इशाऱ्यावर दुसरी तार चालू-बंद करणारी डबी, आणि अप्परची तार त्यात आणली. हिल्डिंग केबिनमध्ये चढला. अप्पर. दिवे लागले. डिपर. दिवे जळतायत.

परत सगळं तपासलं. तासभर गेला. बोटं लाकडासारखी झाली. शेवटी बॉनेटच्या आत हात घातला तर जुनी तार सापडली. मी सोडवून ठेवलेली, ती परत दिव्यांना जोडलेली, आणि वर नवी कोरी टेप.

"ही टेप कुणाची?"

हिल्डिंग खाली बघत राहिला.

"तू कॉफी आणाय गेलास तवा," तो म्हणाला.

"कशापायी? आरं, माजा तास गेला."

"त्यानं जोडलीया ती. मला न्हाई मोडवत."

मी त्याच्या शेजारी लाकडाच्या ओंडक्यावर बसलो. दोघांच्या तोंडातून वाफ निघत होती.

"आन् वळणावर काय करू?" तो हळूच म्हणाला.

तेव्हा मला कळलं. रस्त्याच्या शेवटच्या वळणावर हेन्रिका राहते. नवरा गेलेला, पोरं दूर शहरात. तिथं आलं की एडविन लाल बटन दाबायचा. बाजूच्या दिव्याचा उजेड तिच्या स्वयंपाकघरावर पडायचा, पडदा हलायचा, म्हणजे म्हातारी बरी आहे. मग गाडी पुढं. अकरा हिवाळे असं चाललं. भाऊ गेल्यावर हिल्डिंग स्वतःच हात लांब करून दाबत होता.

"रस्त्यावरनं न्हाई दाबायचं, हिल्डिंग. पण ही तार ऱ्हायली तर ट्रक ह्याच गोठ्यात ऱ्हाईल. मग तिच्या घरी जळण कोण नेणार? पडदा हलून काय उपेग, आत शेगडी गार?"

 तो उठला, माझ्या हातातली पक्कड घेतली आणि तार स्वतः तोडली. तुकडा गुंडाळून कोटाच्या खिशात घातला.

"बटन ऱ्हाऊ दे," म्हणाला.

"बटन ऱ्हाणारच. बाजूच्या दिव्याला तेच लावतो."

शुक्रवारी तपासणीला तोरबोर्ग होती. पोरगी कडक. "अप्पर लावा. डिपर. परत अप्पर." दोनदा, तीनदा. मग केबिनमध्ये डोकावली. "हे काय? गायीचं बटन?"

"व्हय. बाजूच्या दिव्याचं," हिल्डिंग म्हणाला.

तिनं दाबलं. समोर बारका हिरवा दिवा लागला. "नियमात बटनाचा रंग लिहिलेला नाही," ती म्हणाली आणि शिक्का मारला. "पण आजोबा, हा रस्त्यावर लावायचा नाही. शेतात लावा, जंगलात लावा, कुणाच्या अंगणात लावा."

परत निघालो तेव्हा दुपारचे दोन, आणि अंधार पडलेला. मागं हेन्रिकाचं जळण. वळण आलं. हिल्डिंगचा हात बटनाकडं गेला आणि थांबला. त्यानं गाडी अगदी हळू केली. मग चाक फिरवलं, आणि ट्रक रस्ता सोडून तिच्या अंगणात शिरला. तिथं त्यानं लाल बटन दाबलं. सगळं अंगण उजळलं.

आजवर हेन्रिकाचं जळण फाटकाशीच उतरायचं. अंगणात ट्रक कधी आला नव्हता.

दार उघडलं. हेन्रिका शाल ओढत उंबऱ्यात उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून.

"आलात व्हय एकदाचे आत," ती म्हणाली. "या. कॉफी तयार हाय."

"तुला काय ठाव आमी येणार म्हनून?" हिल्डिंगनं विचारलं.

"ठाव कुठलं. पन उजेड पडला की मी दर खेपेला कॉफी ठेवायची. रविवारी प्रार्थनाघरात एडविन चीज घातलेलीच प्यायचा ना? गाडी जायची पुढं. मग मी एकलीच प्यायची."

हिल्डिंग आत आला. टोपी काढून टेबलाशी बसला. तिनं कप पुढं केला, तळाशी चीजचे तुकडे, आमच्याकडच्या रीतीनं. त्यानं तो दोन्ही हातांत धरला, आणि बराच वेळ नुसता धरूनच ठेवला.

तर एवढंच. उद्या तुम्ही गाडीत असाल आणि समोरून कुणी येताना दिसलं, तर डिपर मारा. आणि तेवढ्या अंधारात आमच्या एडविनची आठवण काढा. जोडणी त्याची चुकीची होती, पण त्याला विसरू नका.