दुसऱ्या नंबरचा घोडा

"साहेब, तिकडं काऊन चालले? हा कोपरा पाहा ना! मानसाच्या वर गेली जवारी!" नेरडीगोंड्याचे दादाजी धोतराचा सोगा सावरत उद्धवरावांच्या मागे धावत होते.

"चिठ्ठी जिकडं म्हनते तिकडं, दादाजी."

"चिठ्ठीले काय समजते? मेहनत मी केली का चिठ्ठीनं?"

उद्धवराव हसले, पण पाऊल वळवलं नाही. पिकाचा अंदाज घ्यायची सरकारची ही नवी रीत होती. चिठ्ठी टाकायची, तिच्यात निघेल त्या जागी जायचं आणि तिथलाच चौकोन कापून वजन करायचं. शेतकरी भरदार कोपरा दाखवणारच, त्यात त्याचा काय दोष? पण दाखवलेला कोपरा कापला की सगळं शेत खोटं बोलतं, असं उद्धवराव म्हणत. चिठ्ठीने नेमकी दादाजींची रोडावलेली जवारी दाखवली. दादाजी फुगून बसले आणि मग स्वतःच त्या भरदार कोपऱ्यातला हुरडा भाजून घेऊन आले. कापायची नसेल तर खाऊन तरी पाहा, म्हणाले. उद्धवरावांनी पोटभर खाल्ला. खाण्याबद्दल सरकारचा काही नियम नव्हता.

असा हा कडक माणूस, पण घोड्याचं नाव काढलं की पाघळायचा.

पोलीस ॲक्शननंतर ते कामाचं शिक्षण घ्यायला हैदराबादला गेले होते. तिथे एका रविवारी रेस पाहिली आणि वेडे होऊन आदिलाबाद जिल्ह्यातल्या आपल्या गावी, इचोड्याला परतले. तेव्हापासून हैदराबादच्या बसने उर्दू पेपर यायचा. निजामाच्या राज्यात शिकल्यामुळे उर्दू त्यांना पाण्यासारखी यायची. घोड्यांची यादी आणि त्यांचे मागचे नंबर देणारा शर्यतीआधीचा पेपर आणि निकालाचा पेपर बाभळीच्या काट्याने एकत्र टोचायचे आणि ती जोडी पोत्यात टाकायची. पैसा मात्र आजवर एक लावला नव्हता. इचोड्यात लावणार कुठे? ढाब्यावर?

या पोत्यातून त्यांनी एक कायदा काढला होता. मागच्या खेपेला जो घोडा दुसरा आला, त्याच्यावर लावावं, तो आता जिंकतो. हा कायदा त्यांना मनापासून आवडायचा. ते स्वतः साऱ्या नोकरीत दुय्यम कारकूनच राहिले होते. दुसऱ्या नंबरच्याची कधीतरी पाळी यावी, असं त्यांना फार वाटे. पुरावा म्हणून एक जोडी पोत्यात सगळ्यांत वर असे. त्या दिवशी कायद्याचा घोडा सगळ्यांना धूळ चारून गेला होता. घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ती बघावी लागे. एकदा वरण वाढताना बायकोच्या, जयवंताबाईंच्या हातून तिच्यावर पिवळा डाग पडला, तेव्हा दोन दिवस घरात अबोला होता.

अशात छप्पन साल उजाडलं आणि हैदराबाद राज्याचे तुकडे पडले. किनवट, राजुरा मुंबई राज्यात गेले, इचोडा आंध्रात राहिलं. कारकुनांना लिहून द्यायचं होतं, जिल्ह्यातच राहता की हैदराबादच्या सदर कचेरीत येता?

"मी हैदराबाद लिहून राह्यलो," उद्धवराव जेवताना म्हणाले. "दर रविवारी रेस. आपला कायदा हाय. पगाराले कोन पुसते मंग?"

जयवंताबाईंचा घास हातात राहिला. परसातला शेवगा त्यांनी हाताने लावलेला. बहीण प्रयागबाई नेरडीगोंड्याला, बसने घटकाभराच्या वाटेवर. इथे दारात उभं राहिलं तरी चार बाया बोलायला येत. त्या शहरात कोणाशी बोलणार होत्या? पण रडल्या-बिडल्या नाहीत. बाई हुशार होती.

"दादाजीच्या जवारीले चिठ्ठी टाकता," त्या म्हणाल्या, "मंग घोड्याले काऊन नाई टाकत? आमाले तो वरचाच पेपर दावता सदा. तो भरदार कोपराच झाला ना?"

उद्धवरावांना ठसका लागला. पाणी पिऊन झाल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की बायको बरोबर बोलत होती.

रविवारी दुपारी ओसरीवर पोतं आलं. आधी ते चांगलं खालीवर करून घेतलं. ठरलं असं, की जयवंताबाईंनी न पाहता हात घालून वीस जोड्या काढायच्या. प्रत्येक जोडीतली पहिली शर्यत धरायची. उद्धवराव कायद्याने घोडा सांगणार. जयवंताबाईंना उर्दूचं अक्षर येत नव्हतं, त्या घोड्यांच्या यादीवर डोळे मिटून एक चिंचोका टाकणार. तो पडेल तो त्यांचा घोडा. कायदा चिंचोक्याच्या पुढे निघाला, तर त्या कुरकुर न करता हैदराबादला येणार. नाही निघाला, तर इचोडा.

पहिल्याच शर्यतीत चिंचोका जिंकला. "अगं बाई!" म्हणून जयवंताबाईंनी तोंडाला पदर लावला. मग कायद्याने एक मारली, मग कोणीच नाही, मग पुन्हा चिंचोका. एकदा चिंचोका घरंगळून पाटाखाली गेला, तेव्हा तो घोडा पळून गेला म्हणून दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पण हसता हसता उद्धवरावांचा चेहरा उतरत चालला होता. एकोणीस झाल्या तेव्हा दोघेही तीन-तीनवर होते. उद्धवराव आता प्रत्येक निकाल दोनदा वाचत होते. इतक्या वर्षांचं प्रेम होतं ते.

जयवंताबाईंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं. मग पोत्यात हात घातला आणि या वेळी बराच वेळ चाचपडल्या. तोंड आत घालून चाचपडल्या.

"घ्या. शेवटची."

कोपऱ्यावर पिवळा डाग होता.

उद्धवरावांनी तो डाग लगेच ओळखला. या बाईला एक अक्षर वाचता येत नव्हतं, तरी तिने हा कागद बरोबर हुडकला होता. तिचा शेवगा, तिची बहीण, सगळं सोडायला ती तयार झाली होती, नवऱ्याचं तोंड उतरलेलं बघवलं नाही म्हणून.

"हा कोपरा तू दावून राह्यली," ते हळूच म्हणाले.

"म्या कुठं? हातात आला."

"ठेव वापस. दुसरा काढ. डोये मिटून."

दुसरी जोडी निघाली. चिंचोक्याचा घोडा सगळ्यांत मागे राहिला. उद्धवरावांनी आपल्या घोड्याचं नाव शोधलं, निकालावर बोट ठेवलं आणि एकदम खो खो हसायला लागले.

"काय झालं? जितला का?"

"दुसरा आला! पुन्हा दुसराच आला लेकाचा!"

जयवंताबाईही हसल्या. तीनला तीन. इतक्या वर्षांच्या कायद्याला जे जमलं, तेच एका चिंचोक्यालाही जमलं होतं. संध्याकाळी उद्धवरावांनी लिहून दिलं, आदिलाबाद जिल्हा. सही करताना थोडं जड वाटलं, पण शेवग्याच्या शेंगांची आमटी खाल्ल्यावर ते जडपण उरलं नाही.

"पर मले एकदा घोडे दावा," जयवंताबाई आमटी वाढताना म्हणाल्या. "इतके दिवस कागदच पाह्यले."

संक्रांत झाल्यावर दोघं बसने हैदराबादला गेली. उद्धवरावांनी पेपर घेतला नाही, पैसे लावले नाहीत. कठड्याला धरून दोघं उभी राहिली. जमीन हादरली, घोडे आले, आणि जयवंताबाईंनी चारचौघांत नवऱ्याचा दंड घट्ट पकडला.

"तो पाहा! तो मागचा तांबडा! काय दौडून राह्यला जी!"

तांबडा घोडा मान लांब करून, सारा जीव ओतून धावत होता. दोघंही त्याच्या नावाने ओरडत राहिली, नाव माहीत नव्हतं तरी. तो दुसरा आला, तेव्हा उद्धवरावांनी डोक्यावरची टोपी काढली आणि जयवंताबाईंनी टाळ्या वाजवल्या. पहिला कोण आला, हे पाहायचं दोघांचंही राहूनच गेलं.