आजीच्या नावाचे मडके

त्या सकाळीही माणिकबाईने मेथीच्या जुड्या बांधल्या, वांगी टोपलीत भरली आणि माल बाजाराला धाडला. फक्त आज ती स्वतः गेली नाही. चुलीशेजारी एक कोरे मडके होते. कुंभाराकडून टिचकी मारून, वाजवून तिनेच ते निवडून आणले होते. फोडायचे मडके कोणी वाजवून घेते का! पण हाताची सवय जाते कुठे.

बाळापूरच्या नदीकाठी भाजीची वाडी करणारे हे माळ्याचे घर मूळचे इथले नव्हे. मानमोडीच्या साथीमागून दुष्काळ आला, तेव्हा माणिकबाई आणि तिचा नवरा पुंजाराम पैनगंगेपलीकडून, निजामाच्या मोगलाईतून, पायी वऱ्हाडात आली. धाकटा सहदेव कडेवर होता आणि थोरला गोवर्धन बोट धरून चालत होता. वाडी उभी राहिली, पण जातीच्या पंगतीत जागा मिळेना. अखेर पंचांनी तोड काढली. पुंजारामने मागे राहिलेल्या आईच्या नावाने मडके फोडावे, ती मेली म्हणावे, आणि इथले व्हावे. बायको नवऱ्यामागे आली, कडेवरचे लेकरू बापामागे आले, म्हणून ती दोघे त्याच्याबरोबरच जातीत धरली. पायाने चालत आलेल्याने मात्र मिसरूड फुटल्यावर आपले आपण ठरवायचे. मडके फोडायचे, नाहीतर परत जायचे.

पुंजारामने मडके फोडले. त्याची आई गोदाबाई तेव्हा चांगली जिवंत होती. त्या दिवसापासून हा माणूस कामापुरतेच बोलू लागला.

आता गोवर्धनला मिसरूड फुटले होते. अकोल्याच्या खुशालरावांची मुलगी त्याला सांगून आली होती. मुलगा जातीत आला की साखरपुडा, असे खुशालरावांनी स्पष्ट कळवले होते.

“फोडून टाक बापा एकदाचं,” भाकरी वाढताना माणिकबाई म्हणाली. “मडकंच त हाये.”

“मडकं नाई माय, आजी हाये थे.”

“आजी कुठं पाहाले येऊन राहिली?”

“बैलवाले नत्थुजी तिकून आले न परवा. बुढी जिती हाये म्हने. गोवर्धन केवढा झाला, म्हून इचारत होती.”

माणिकबाईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मग ती एकदम भडकली. “तू नाई फोडलं त सहदेवले पोरगी कोन देईन? घरात मढं पडलं त खांद्याले कोन येईन? काहून जिवावर उठला आमच्या?”

“मंग परत जातो मी.”

“तिथं काय हाये तुह्यं?”

“इथं तरी काय हाये, माय? मी कधी बसलो पंगतीत?”

जातीच्या प्रत्येक जेवणात हे पोर लिंबाखाली वेगळी पत्रावळ घेऊन बसे. पहिल्या वेळी तिला घास गिळवला नव्हता. नंतर नंतर ती पोटभर जेवू लागली होती. हे आठवून तिला स्वतःची लाज वाटली.

दुपारी मारुतीच्या पारावर जात जमली. मध्ये पंच महादेवराव, शेजारी खुशालराव, आणि एका कडेला खाली मान घातलेला पुंजाराम. बाया दूर उभ्या होत्या. गोवर्धनने मडके खांद्यावर घेतले.

“म्हन,” महादेवराव म्हणाले, “माही आजी गोदाबाई मेली. माह्या मागं कोनी नाई.”

गोवर्धनने आईकडे पाहिले. आणि खरे सांगायचे तर त्या क्षणी माणिकबाईला वाटत होते, म्हणून टाक रे बाबा, म्हणून टाक!

“म्हन्तो का जातो?” महादेवराव गरजले. “दोनच वाटा हायेत तुले.”

तेव्हा तिला मोगलाईतल्या घराचा उंबरठा दिसला. निघताना सासूने घरातली शेवटची ज्वारी हिच्या पदरात बांधली होती. ‘माह्यं काय, तेवढंच एक तोंड कमी,’ म्हणत म्हातारी उंबरठ्यावर बसून राहिली होती. त्या ज्वारीवर हे पोर पैनगंगेपर्यंत चालले होते.

माणिकबाई गर्दीतून पुढे आली.

“बाईमानसाचं काम नाई इथं!” कोणीतरी ओरडले.

“मी बी पायानंच आली होती जी. मले काहून नाई इचारलं कोनी?”

“तू नवऱ्यामागं आली,” महादेवराव म्हणाले.

“नाई जी. मी सासूच्या जवारीवर आली. हा पोरगा बी तिच्यावरच आला. तिनं उपाशी राहून आमाले जितं ठेवलं. तिले मेली म्हनल्याबिगर जागा भेटत नसन, त तुमची पंगत तुमालेच लखलाभ!”

तिने लेकाच्या खांद्यावरचे मडके उतरवून आपल्या कडेवर घेतले.

“घर वाळीत पडन, माणिके,” महादेवराव म्हणाले. “पोरीचा बाप बसला हाये इथं.”

खुशालरावांनी वर पाहिले नाही. उपरणे झटकले आणि आपल्या बैलांच्या दमणीत जाऊन बसले. गोवर्धन त्या दमणीकडे वळणापर्यंत पाहत राहिला. मुलगी त्याने एकदाच पाहिली होती, आणि ती त्याच्या मनात भरली होती.

माणिकबाईने मडके नदीवर धुतले, भरले आणि घरी येऊन दाराशी ठेवले. आता तिला भीती नवऱ्याची होती. पारावर त्याने तोंड उघडले नव्हते. तो सावकाश आला, मडक्याकडे बघत उभा राहिला.

“पानी दे.”

तो घटाघटा प्यायला. मग भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडू लागला.

“असंच होतं वं थे बी. कोरंच होतं. म्या माह्या हातानं फोडलं.”

शेवटी त्याने तोंड पुसले. “गोवर्धन, उद्या बैल जुप. पैनगंगेपल्याड जाऊ. मायले घेऊन येऊ.”

“अन् पंच काय म्हन्तीन, बा?” सहदेव घाबरून म्हणाला. त्याचेही लग्न याच जातीत व्हायचे होते.

“त्याईले सांगजो,” पुंजाराम म्हणाला, “आपुन सगळ्याईनं मिळून मारलेली बुढी, म्या जिती करून आनली. तिच्याच हातानं पंगत वाढतो. ज्याचे पूर्वज इथंच जमिनीतून उगोले असतीन, त्यानं येऊ नये. बाकीच्याईनं जेवाले या.”