आतला फोन

"डबा चांगला हाय, तार चांगली हाय. मग तुटतंय कुठं?" लाइनमन धोंडिरामने मोडेमला असा हात लावला, जसा काही तो तापाने फणफणलेला पोरगा.

"हा डबा आणल्यापासून रोज दुपारी इंटरनेट तुटतं," शौनक वैतागून म्हणाला.

त्याची आई चारुशीलाबाई आत कढीला फोडणी देत होती. तुटतं कुठं ते तिला ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला त्याच लाइनवरचा पॅरलल फोन उचलला की डब्याचं कोकलणं थांबायचं आणि लाइन मोकळी व्हायची. म्हणून तर ती उचलायची.

थोरल्या अपूर्वाने, तिच्या मुलीने, घरच्यांच्या मनाविरुद्ध राजरत्नशी लग्न केलं, तेव्हा "तिचं नाव या घरात नको," असं तिच्या वडिलांनी, सुमंतरावांनी सुनावलं होतं. पण दुपारी ते आडवे झाले की तिकडे सांगलीत पोरगी फोनच्या बूथवर जाई आणि पहिल्याच घंटेला आई फोन उचली. आता पोरीचे दिवस भरत आले होते, आणि नेमका त्याच वेळी शौनकचा डबा लाइन अडवून बसे.

धोंडिराम आत आला. त्याने पॅरलल उचलला, तशी बाहेरून शौनकची बोंब आली, "गेलं!"

"हितं हाय व्हय दुखणं!"

"अगं, दुपारी कुणाला फोन करतेस तू?" सुमंतराव दारात उभे.

"कुणाला करणार? पुसताना उचलला जातो."

ते बाहेर गेले. धोंडिराम घुटमळला. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "वैनी, ह्यो फोन ऱ्हाऊ देऊ का? बाहीरच्या तारंत बिघाड हाय म्हून सांगतो."

"उद्या परत तुटेल. परत विचारतील." खरं कळलं तर सुमंतराव नंबरच बदलून घेतील, हे तिला पक्कं माहीत होतं. "काढा."

त्याने स्क्रू सोडवले आणि आतला फोन काढला.

तो गेला. शौनक हात धुऊन डब्यापाशी बसणार, तोच फोन वाजला. सुमंतरावांनी उचलला.

"हॅलो? कोण बोलतंय? हॅलो?"

पलीकडे कुणी बोलेना. चारुशीलाबाई कढीची पळी हातात घेऊन उंबऱ्यापर्यंत आली. तिथूनच, नको तेवढ्या मोठ्याने म्हणाली,

"कोण आहे हो? नुसतं ऐकतंय का? मी बरी आहे म्हणावं. जपून राहा म्हणावं, जी कोणी असेल तिला."

सुमंतरावांनी वळून पाहिलं. रिसीव्हर कानालाच होता.

"बाबा, लाइन द्या ना!"

त्यांनी फोन ठेवला. नेहमीसारखा आपटला नाही. मग डबा कोकलायला लागला, आणि त्या दुपारी इंटरनेट एकदाही तुटलं नाही.