वाचनालयाचं आवतन

लोटन मास्तरांचं वाचनालय ज्या खोलीत होतं ती खोली पितांबर पाटलांची होती, आणि पाटलांना ती मिरचीसाठी हवी होती. त्यांचा पुस्तकांवर राग होता असं नाही. मिरची नंदुरबारच्या बाजाराला जाते आणि पुस्तकं जागची हलत नाहीत, एवढंच त्यांनी पाहिलं होतं. मिरचीची पोती ओट्यावर येऊन थांबलीही होती. वाचायला येणारा माणूस दारातच शिंकायचा, आत येईपर्यंत त्याचे डोळे वाहू लागायचे, आणि तशा डोळ्यांनी वाचण्यासारखं फारच थोडं छापलेलं असतं. म्हणून कोणी येत नसे. कोणी येत नाही म्हणून पाटील खोली मागत होते.

साल एकोणचाळीस. प्रौढांना साक्षर करण्याची हवा होती, तिच्या झोतात धुळ्याचे एक साहेब आमच्या तापीकाठच्या गावाचं वाचनालय बघायला रविवारी येणार होते. त्यांनी ते मंजूर केलं तर खोली वाचत होती. सरकारने मंजूर केलेल्या गोष्टीला पाटलांनी आजवर नाही म्हटलेलं नव्हतं. साहेबांना रिकामी खोली दिसली, तर सोमवारी पोती आत आणि पुस्तकं मास्तरांच्या गोठ्यात.

मास्तरांनी कार्यक्रम आखला. पोरांनी चित्रं चिकटवायची, तरुणांनी पुस्तकबांधणी शिकायची, बायांना गोष्ट वाचून दाखवायची, म्हाताऱ्यांनी साहेबांचं व्याख्यान ऐकायचं. सर्व वयांसाठी, मोफत. मागच्या व्याख्यानाला दोन माणसं आली होती. एक झोपलं होतं आणि दुसरं त्याला घरी न्यायला आलं होतं. म्हणून या खेपेला मास्तरांनी दवंडी न देता धुडकू न्हाव्याला घरोघर धाडलं. लग्नकार्याची आवतनं तोच द्यायचा. धुडकूने बोलावलं आणि माणूस आलं नाही, असं गावात घडलेलं नव्हतं.

"एक बी घर सोडू नको," मास्तरांनी बजावलं. "लहानपासून म्हातारापावत समदासले सांग."

रविवारी सकाळी मास्तरांनी खोली झाडली, सतरंजी अंथरली, ती मोठी वाटली म्हणून अर्धी दुमडली. खोलीमागे बांधणीसाठी खळीची कढई चुलाण्यावर चढवली. गव्हाचं पीठ, पाणी, आणि कसर लागू नये म्हणून विषारी मोरचूद. मग ते दोन घास खायला घरी गेले. घरी ताट मांडलेलं नव्हतं. त्यांची बायको धनुबाई नवं लुगडं नेसून, हातात तांब्या घेऊन दारात उभी होती.

"भाकर?" मास्तर म्हणाले.

"आज चूल पेटाडी नही. आवतन शे ना."

"कोनं?"

"तुम्हनंच. धुडकू सकायमा उंबरठावर अक्षता ठेवी गया. समदं घर, चूलबंद." तिने लुगड्याचा पदर नीट केला. "तुम्हीन घरमा कधी सांगतस का काही?"

मास्तर खाली बसले. चूलबंद आवतन म्हणजे घरातल्या पाळण्यातल्यापासून खाटेवरच्यापर्यंत सगळ्यांना जेवण. त्या दिवशी त्या घरात चूल पेटवणं हा यजमानाचा अपमान. आणि बोलावून उपाशी पाठवलं, तर तो अपमान यजमानाच्या पिढ्या फेडतात.

"तठे जेवन नही शे. पुस्तकं शेतस."

"पुस्तकंसकरता गाव कोन बलावस?" धनुबाई म्हणाली, आणि तांब्या घेऊन वाचनालयाकडे निघाली.

मास्तर बाहेर आले. गावावर कुठेच धूर नव्हता. एकच धूर वर चढत होता, तो वाचनालयामागच्या खळीचा, आणि गाव त्याच्याच दिशेने चाललं होतं. वाटेत धुडकू भेटला. त्याने फेटा बांधला होता.

"अरे, मी फुकट सांगं व्हतं. जेवन कव्हय सांगं?"

"पंगतले पैसा कोन लेस, मास्तर?" धुडकूला हा प्रश्नच कळला नाही. "तुम्हीनच सांगं, समदासले बलाव. लहानमोठं समदं घर बलावानं म्हंजे चूलबंद. आते तुम्हनासाठे मी नवं आवतन काढू?"

मास्तर पोहोचले तेव्हा खोली भरली होती, ओटा भरला होता, आणि मिरचीच्या पोत्यांवरसुद्धा माणसं बसली होती. सगळं गाव शिंकत होतं पण हलत नव्हतं. काही जण पुढ्यात पाण्याचा तांब्या ठेवून ओळीने मांडी घालून बसलेही होते, मध्ये वाढप्याला जायला वाट सोडून. मागच्या बाजूला पोरांनी कढईला कडं केलं होतं. त्यांच्यात कौसाबाई होती. गावातल्या प्रत्येक पंगतीत पहिल्या ओळीत बसण्याचा तिचा मान होता.

"काय शिजी ऱ्हायनं रे मास्तर? लापशी?"

"खळ शे, माय. पुस्तक चिटकाडाले. मोरचूद टाकेल शे, ईख शे ते." मास्तर पोरांना मागे ढकलत म्हणाले.

"बरं. मंग जेवानं कोठे शे?"

उत्तर द्यायच्या आत साहेबांची बैलगाडी आली. साहेब उतरले, गर्दीकडे पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. "विलक्षण," ते म्हणाले. "धुळ्यातसुद्धा एवढे श्रोते मिळत नाहीत. आणि स्वतःचं पिण्याचं पाणी घेऊन आलेत!"

आता सांगावं तर गाव उठून जाणार आणि खोली जाणार. न सांगावं तर गाव बसून राहणार, आणि मग मास्तरांनाच गावातून जावं लागणार. मास्तरांनी यावर विचार करण्यासाठी साहेबांना बोलायला उभं केलं. साहेबांचा विषय होता मिताहार.

"मनुष्य जेवढं खातो," साहेबांनी खोकला आवरत सुरुवात केली, "त्याच्या निम्म्यात त्याचं भागू शकतं." ओळीत बसलेल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. यजमानाने आधी असा माणूस उभा करावा, हे लक्षण कोणालाच ठीक वाटलं नाही. मागे एक पोर रडू लागलं, मग दुसरं. प्रत्येक रडण्यासरशी मास्तर मागे जाऊन कढईत कोणी बोट घातलं नाही ना, ते बघून येत होते.

पितांबर पाटील गर्दीतून वाट काढत आले आणि मास्तरांच्या कानाशी वाकले.

"कोनं जेवन शे, मास्तर?"

"आबा, तुम्ही घर जेवी ल्या."

"मन्हा घर बी चूल बंद शे."

मास्तरांनी सांगून टाकलं. जेवण नाही, कोणाचंच नाही, घोटाळा झाला. पाटलांनी ओळी पाहिल्या, तांबे पाहिले, आणि मग दाराची चौकट पाहिली. ती त्यांच्या वडिलांनी बसवली होती.

"समदं गाव मन्हा दारमा बठेल शे," ते हळू म्हणाले. "तुन्हा दारमा नही. भुक्या ऊठी गयं, तर पाटीलना दारमाईन ऊठनं, आसं मन्हा नातूना नातूले सांगतीन लोके."

"मंग?"

"मंग काय. वरण-बट्टी. पन टाईम लागी. तवलोंग यासले उठू देऊ नको."

पाटलांनी घरी निरोप धाडला. गव्हाचं पीठ निघालं, तूरडाळ निघाली, गोवऱ्यांचे आर पेटले, आणि बट्ट्या भाजून होईपर्यंत गावाला बसवून ठेवण्याचं काम मास्तरांकडे आलं. एखाद्या माणसाला आयुष्यभर जे हवं असतं ते असं, वाईट कारणाने आणि रिकाम्या पोटी मिळतं. मास्तरांनी साहेबांना व्याख्यान दुसऱ्यांदा द्यायला लावलं. पोरांनी चित्रं चिकटवली. पोरगं बोट तोंडात घालेल या धास्तीने प्रत्येक आई आपल्या पोराशेजारी बसली आणि तिनेही चिकटवली. तरुणांनी वाचनालयातली फाटकी पुस्तकं बांधून काढली, मग न फाटलेलीही बांधली. मास्तरांनी बायांना चोराची एक गोष्ट वाचून दाखवली. वाचताना त्यांचा एक कान बाहेर होता. हाक आली तेव्हा चोर विहिरीत उतरलेला होता. सगळे वाक्याच्या मध्येच उठले.

"चोर सापडी गया का नही तेवढं सांग," कौसाबाई उठता उठता म्हणाली. "मंग जाऊ मी."

"सापडी गया, माय."

"बरं व्हयनं," ती म्हणाली, आणि पहिल्या ओळीत जाऊन बसली.

साहेब पाटलांच्या शेजारी जेवले. निम्म्यात त्यांचं भागलं नाही. वाचनालय त्यांनी तिसऱ्या बट्टीला मंजूर केलं, आणि चौथीला म्हणाले की असा कार्यक्रम दर दोन महिन्यांनी व्हावा, शेजारच्या प्रकाशा गावच्या लोकांनाही बोलवावं. पाटलांचा घास हातातच राहिला.

सोमवारी मास्तरांनी खोली उघडली तेव्हा ओट्यावर पाटलांची माणसं पोती उचलत होती. मास्तर दारात आडवे उभे राहिले. मंजुरीनंतर पाटील फिरणार नाहीत असं त्यांना वाटलं होतं, पण मंजुरीत बट्ट्यांचा खर्च धरलेला नव्हता.

"बाजूले व्हय," पाटील मागून म्हणाले. "आतमा नही, मन्हा घर जाई ऱ्हायनात पोता."

"घर, आबा?"

"आवतन वाचनालयनं व्हतं, पंगत मी दिधी. आते हाई वाचनालय बंद पाडं, तर लोके काय सांगतीन? पंगत जेवाडी अन् नवरदेव मांडवमाईन पयी गया?" पाटलांनी खिडकीजवळची सतरंजी झटकली. "बस तू. कर तुन्हं काम."

पोती पाटलांच्या माजघरात गेली. दोन दिवसांत मिरचीच्या खकाण्याने त्या घरात कोणाला बसवेना, तेव्हा पाटील सकाळी वाचनालयात येऊन बसू लागले. ते वाचत नसत. खिडकीशी टेकून ते फक्त बघत बसत, कोण येतं, काय उघडतं, किती वेळाने पान उलटतं. मास्तर समोर पुस्तक धरून बसत आणि पाटलांची नजर आपल्याकडे वळली की पान उलटत, वाचून झालेलं असो वा नसो.