दोन्ही बाह्या उजव्या

टेपमावशींच्या गळ्यातली टेप बेचाळीस वर्षांत फक्त झोपताना उतरायची. त्या मावशींनी एका कोटाच्या दोन्ही बाह्या उजव्या हाताच्या कापल्या. कापड तोकडं, म्हणून घडी न घालता एकेक बाही कापली आणि दुसऱ्या वेळी नमुन्याचा कागद उलटा करायचा राहिला. गेल्या महिन्यातही असंच झालं होतं.

सून म्हणाली, "आई, कात्री माझ्याकडे द्या. तुम्ही काजं करा."

"काजं करायला मी काय शिकाऊ आहे?"

"गिऱ्हाईक दोनदा सोसतं. तिसऱ्यांदा दुसरं दुकान बघतं."

खरं होतं, म्हणूनच झोंबलं.

असं विसरायला का होतंय, म्हणून मावशी दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं. "साखर वाढलीय. अंगात सूजही आहे."

"सूज? मला तर कपडे सैल होताहेत."

"ही टेपने मोजता येत नाही, मावशी. हिरड्यांतून रक्त येतंय, दिवसभर बसून काम, झोप चार तास. अशी सूज वर्षानुवर्षं मुरली तर मेंदूलाही सोसत नाही."

"मग सुधारलं तर पूर्वीसारखं होईल?"

"तो शब्द देत नाही. आहे ते जास्त टिकेल, अशी आशा."

"आशा राहू द्या. काम सांगा."

घरी येऊन त्यांनी कात्री सुनेपुढे ठेवली. "तीन महिने तुझी. मग मी एक कोट कापीन, तू तपास. चुकला तर कायमची तुझी."

हिरड्यांवर उपचार झाले. चहाबरोबरची बिस्किटं सुटली. नऊला दिवा बंद. रोज पहाटे पुलापर्यंत चालणं. पहिला आठवडा पाय नको म्हणत होते. मावशी त्यांचं ऐकेनात. चालता चालता कापणीच्या पायऱ्या पुटपुटायच्या. शेजारीण म्हणाली, "कोणाशी बोलता?"

"बाहीशी. ऐकत नाही मेली."

तीन महिन्यांनी तसंच तोकडं कापड आलं. पहिली बाही कापून झाली आणि मावशी थबकल्या. आत्ता कापली ती कुठली? सून मुद्दाम खाली बघत राहिली. मावशींनी तुकडा हाताला लावून पाहिला आणि ज्यासाठी आयुष्यभर इतरांना टोमणे मारले तेच केलं: खडूने त्यावर ठळक 'उजवी' लिहिलं. मग कागद उलटा करून दुसरी बाही कापली.

सुनेने दोन्ही बाह्या तपासल्या. "बरोबर आहेत. पण तुम्ही लिहिलंत."

"लिहिलं. उद्याही लिहीन."

सुनेने कात्री पुढे सरकवली, पण हात काढला नाही. "दर महिन्याला तपासणार मी."

"तपास. आणि चुकले तर तोंडावर सांग, मागून उसवत बसू नकोस."

सुनेने हात काढला.